देवासाठी चालते ती गोळी

पत्रिकेवर आजचा विषय 'किशोरवयीन मुली आणि हार्मोन्स' असा छापलाय. आम्ही आयोजकांना कळवलेलं नाव वेगळं होतं: 'मुलीला गर्भनिरोधक गोळी द्यावी का?' ते ऐकून फोनवर दोन क्षण शांतता. मग फार नम्रपणे विचारलं गेलं, तो एक शब्द टाळता येईल का, शाळकरी मुलींचे पालक येणार आहेत. आम्ही हो म्हटलं. शाळकरी मुलींच्या पालकांशीच तर बोलायचं होतं, आणि त्या शब्दाचं आपल्या घरांत काय होतं तेच सांगायचं होतं. उदाहरण घरपोच मिळालं.

'आम्ही' म्हणजे दोघी. एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक मराठी शिकवणारी. आवाज एकीचा असला तरी मजकूर दोघींचा आहे. वर्गात कविता वाचताना एखादा शब्द उचलून उलटासुलटा करून बघतात, तसं आज एक घरगुती संभाषण वाचायचं आहे. औषधांची माहिती येईलच, पण हे वैद्यकीय व्याख्यान नाही. ही टीका आहे, आणि तिचा रोख आपल्या बोलण्यावर आहे.

घर एका तालुक्याच्या गावातलं. तपशील बदललेत, आई आणि मुलगी दोघींची परवानगी घेतलीय. मुलगी नववीत, पाळी सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झालेली. दर महिन्याला पहिले दोन दिवस शाळा बुडते. उलट्या होतात, कळा मांड्यांपर्यंत जातात, एकदा प्रार्थनेच्या रांगेतच चक्कर येऊन पडली. रात्री दोनदा उठून पॅड बदलावं लागतं, तरी चादर खराब होते. म्हणून त्या दिवसांत ती आपली खाली सतरंजी टाकून झोपते. आई तिला घेऊन आली. वेदनाशामक गोळी चालू होती, मेफेनॅमिक ॲसिडची. आधी तिने भागायचं, आता भागत नव्हतं. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, काही तपासण्या लिहून दिल्या आणि सुचवलं, की सहा महिने कमी मात्रेची हार्मोनची गोळी देऊन पाहू. आईने विचारलं, 'कसली?' उत्तर दिलं, 'गर्भनिरोधक म्हणून मिळते तीच, पण इथे तिचं काम वेगळं आहे.' आई म्हणाली, 'यांना विचारून सांगते.' आणि पुढचे पाच महिने ती फिरकली नाही.

आली ती गौरी-गणपती झाल्यावर. घरचा गणपती गौरींबरोबर जाणारा, सोवळं कडक, आणि मुलीची तारीख नेमकी मधे येत होती. आजीने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'पाळी लांबवायच्या' गोळ्या आणल्या. दिवसाला तीन, असे आठ-नऊ दिवस. गोळ्या थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी जे सुरू झालं ते थांबेना. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेलं. दवाखान्यात नेहमीचा प्रश्न विचारला, 'मधल्या काळात हार्मोनची कुठली गोळी दिली होती का?' आई पटकन म्हणाली, 'नाही हो डॉक्टर, तसलं काही नाही दिलं.'

या 'तसलं'पाशी आम्ही थांबलो. आई खोटं बोलत नव्हती, हे लक्षात घ्या. तिच्या मनात दोन वेगवेगळे कप्पे होते. एका कप्प्यात 'तसली' गोळी, म्हणजे जी लग्न झालेल्या बाईने घ्यायची, जिच्या पाकिटाकडे मुलांनी बघायचं नाही. दुसऱ्या कप्प्यात 'लांबवायची' गोळी, म्हणजे उदबत्ती-कापराच्या यादीत बसणारी. आता या दुसऱ्या गोळीत असतं काय?

नॉरएथिस्टेरॉन. शुद्ध हार्मोन, शाळेच्या पुस्तकात ज्याला संप्रेरक म्हणतात आणि पुस्तकाबाहेर कोणी म्हणत नाही, ते. शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनचं प्रयोगशाळेत बनवलेलं भावंड. १९५१ मध्ये मेक्सिको शहरातल्या सिंटेक्स कंपनीत, कार्ल जेरासी यांच्या गटात, लुईस मिरामोंतेस या तरुण विद्यार्थ्याच्या हातून ते पहिल्यांदा तयार झालं. मूळ कच्चा माल तिथल्या रानातल्या कंदांचा. गर्भनिरोधक गोळ्यांचा इतिहास ज्या दोन-तीन रेणूंपासून सुरू होतो त्यांतला हा एक.

शिवाय हे द्रव्य मोठ्या मात्रेत घेतलं, की शरीर त्यातल्या थोड्या भागाचं एथिनिल एस्ट्राडायोल करतं. गर्भनिरोधक गोळीतलं दुसरं हार्मोन ते हेच. ढोबळ हिशेब असा, की दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन म्हणजे २० ते ३० मायक्रोग्रॅम एथिनिल एस्ट्राडायोल असलेली गोळी घेतल्यासारखं. आजीने पाच मिलिग्रॅमच्या तीन दिल्या, म्हणजे १५. आणि सरकारी 'माला-डी'च्या एका गोळीत एथिनिल एस्ट्राडायोल किती असतं? ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे ज्या वस्तूला घाबरून आई पाच महिने आली नाही, जवळपास तीच वस्तू गणपतीच्या आठवड्यात, रक्तदाब न मोजता, कोणाला न विचारता, पोरीच्या पोटात गेली होती.

आजीला आम्ही दोषी धरत नाही. निरोगी मुलीला आठ दिवस ही गोळी दिली म्हणून सहसा काही बिघडत नाही, आणि गोळी थांबली की रक्तस्राव येणारच, तो कधीकधी जास्त येतो. बिघडलेलं आहे ते दुसरीकडे. पूजेसाठी गोळी लागते तेव्हा घरात कोणी 'एवढ्या लहान वयात हार्मोन?' असं विचारत नाही. मूल होईल ना पुढे, हेही नाही. लग्न, सहल, सत्यनारायण, वारी, मोठ्या मुलींच्या परीक्षा, सगळ्याला चालते. मग तीच मुलगी पोट धरून सतरंजीवर पडलेली असते तेव्हा घराला एकदम शरीरशास्त्र आठवतं. भीती जर हार्मोनची असती तर ती दोन्हीकडे सारखी दिसली असती. ती एकाच कप्प्यात दिसते, म्हणून आम्ही म्हणतो की ती नावाची आहे.

आणि नावाचा इतिहास तर उलटाच आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत 'एनोव्हिड' नावाच्या गोळीला परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून तिला मान्यता मिळाली १९६० मध्ये, तीन वर्षांनी. पाळीची गोळी आधी, गर्भनिरोधक नंतर. आपल्याकडे मात्र ती आली लाल त्रिकोणाच्या मागून, कुटुंबनियोजनाच्या खात्यातून, दोन मुलांच्या चित्रासोबत. त्यामुळे 'ही सुखी विवाहित बाईची वस्तू' हा शिक्का पक्का बसला. 'माला-डी'चं पाकीट नीट वाचलंत तर त्यात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ गोळ्या लोहाच्या दिसतील. पाळीत रक्त जातं आणि ते भरून काढावं लागतं, हे त्या सात गोळ्यांना ठाऊक आहे. जाहिरातीने ते कधी सांगितलं नाही.

मराठीला हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, कोर्टाच्या पायऱ्या चढून चालवलं. त्यांचा शब्द 'नियमन' होता. नियमनात करणारी व्यक्ती दिसते. 'निरोधक'मध्ये फक्त अडथळा दिसतो. अर्थात शब्द बदलून सगळं सुटेल असं आम्हाला वाटत नाही. उलट काही डॉक्टर मंडळी गोडीगुलाबीने 'पाळी नियमित करायची गोळी' एवढंच सांगून पाकीट हातात देतात. मग घरी मोठा भाऊ मोबाइलवर नाव टाकून बघतो, आणि रात्री साडेअकराला आईचा रडका फोन येतो. झाकून सांगितलेलं असं बाहेर आलं, की पुढचं खरंही कोणी ऐकत नाही. तेव्हा सांगायचं ते पहिल्याच भेटीत, शब्दासकट: ही गर्भनिरोधक म्हणूनही वापरतात, बीज बाहेर पडणं थांबवते, गर्भाशयाचं अस्तर पातळ ठेवते, अस्तर पातळ म्हणून रक्त कमी, आणि त्या अस्तरातून सुटणारं प्रोस्टाग्लॅंडिन कमी, म्हणून कळा कमी. एवढं सांगायला दीड मिनिट पुरतं.

पालकांच्या भीतीला अडाणीपणा म्हणून उडवून लावणं आम्हाला मान्य नाही. या देशात बायकांवर हार्मोन वापरण्याचा इतिहास स्वच्छ नाही. १९८० च्या दशकात नेट-एन नावाचं इंजेक्शन आणायचं चाललं होतं. तेव्हाच्या आंध्रातल्या पाटनचेरूला बायकांना नीट कल्पना न देता ते टोचलं जातंय हे तिथल्या स्त्री शक्ती संघटनेने उघड केलं, आणि १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नेट-एन म्हणजे काय, तर नॉरएथिस्टेरॉन एनॅंथेट. आजीच्या गोळीचंच इंजेक्शनमधलं रूप! महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीने या इंजेक्शनांविरुद्ध पुष्कळ लिहिलं, मोर्चे काढले. त्यांचा आक्षेप रेणूपुरता नव्हता. बाईला न विचारता, न सांगता, तिची पुढची तपासणी न करता ते देण्यावर होता. तो आक्षेप आजही खरा आहे. फक्त तो आता घरातल्या देवघरापाशीही घ्यावा लागेल.

मग धोके किती खरे? रक्ताच्या गुठळ्या हा सगळ्यांत गंभीर. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण बायकांत वर्षाला साधारण दोघींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. ड्रोस्पायरेनॉनसारख्या नव्या गोळ्यांत नऊ ते बारा. म्हणजे धोका वाढतो, आणि तरी लहान राहतो. कुटुंबात कोणाला तरुणपणी गुठळी झाली असेल, मुलीला डोळ्यांपुढे तिरमिऱ्या-चकाकी येऊन होणारी अर्धशिशी असेल, रक्तदाब असेल, यकृताचा आजार असेल, तर ही एस्ट्रोजेनची गोळी तिच्यासाठी नाही. हे प्रश्न डॉक्टरने विचारले नाहीत तर तुम्ही सांगा. मनावरच्या परिणामाचं काय? डेन्मार्कमध्ये सुमारे दहा लाख मुली-बायकांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये एक अभ्यास आला. हार्मोनची गर्भनिरोधकं घेणाऱ्यांत नैराश्यावरची औषधं सुरू होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि ते १५ ते १९ वयात सगळ्यांत ठळक होतं. नोंदींचा अभ्यास असल्याने गोळीमुळेच असं झालं, हे त्यावरून ठरत नाही. पण मुलगी गप्प-गप्प राहायला लागली, चिडायला लागली, तर 'वयच आहे' म्हणून सोडू नका. डॉक्टरकडे जा, गोळी बदलता येते, थांबवता येते.

पुढे मूल होण्यावर कायमचा परिणाम होत नाही. गोळी थांबली की बीज बाहेर पडणं पुन्हा सुरू होतं. उंचीची भीतीही ऐकतो आम्ही. पाळी सुरू होते तोवर मुलीची बहुतेक उंची वाढून झालेली असते. 'सवय लागेल' याचा अर्थ मात्र आम्हाला अजून कळलेला नाही. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी मुलीला फळा न दिसता बसवत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं. ही गोळी द्यायला घरं जितकी उशीर करतात तितकीच घाई काही दवाखाने करतात, आणि तीही भलत्या कारणासाठी. पाळी सुरू होऊन वर्ष झालेली मुलगी, दोन महिने पाळी आली नाही, आई घाबरली, सोनोग्राफी, अहवालात 'पीसीओ', हातात गोळी. पहिल्या दोन-तीन वर्षांत २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने येणारी पाळी ही या वयाची रीतच आहे. पीसीओएसबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. त्या वयात अंडाशयात बारीक पुटकुळ्या दिसतातच. पण एकदा 'पीसीओडी' शब्द घरात शिरला, की पोरीच्या वजनापासून लग्नापर्यंत सगळं त्या शब्दाभोवती फिरतं. आणि गोळीने पाळी 'नियमित' झाली असं जे म्हणतात, तेही सैल बोलणं आहे. पाकिटातल्या हार्मोनच्या गोळ्या संपल्यावर येतो तो हार्मोन काढून घेतल्याचा रक्तस्राव. तो ठरल्या दिवशी येतो कारण पाकीट ठरल्या दिवशी संपतं. तो दर महिन्याला यायलाच हवा असंही नाही. इंग्लंडमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये सांगून टाकलं, की मधल्या सात दिवसांच्या खंडाचा आरोग्याला फायदा नाही. हे ऐकलं की आया हमखास विचारतात, 'मग आतलं घाण रक्त कुठे जाणार?' घाण नसतंच ते. अस्तरच वाढलं नाही तर बाहेर यायला काही साठत नाही.

इथे मराठीच्या बाईंची एक तक्रार. पाळीसाठी आपल्याकडे शब्द किती आहेत बघा: अडचण, कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली, विटाळ, प्रॉब्लेम, एमसी, डेट. बहुतेक शब्द एकच गोष्ट सांगतात, की आता हिला कुठे जाता येणार नाही, कशाला हात लावता येणार नाही. किती रक्त गेलं हे सांगणारा एकही शब्द नाही. 'जास्त जातं' म्हणजे किती? आई स्वतःच्या पाळीशी ताडून बघते, आणि आईलाही जास्तच जात असेल तर मग 'आमच्याकडे असंच असतं' हे घराण्याचं वैशिष्ट्य होऊन बसतं. प्रत्यक्षात ते घराण्याचं आजारपण असू शकतं. १९२६ मध्ये फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांट यांनी रक्त न गोठण्याच्या एका आनुवंशिक आजाराचं वर्णन छापलं. तो ज्या मुलीमुळे लक्षात आला ती ऑलंड बेटांवरची योर्डिस. ती वयाच्या तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने गेली. आज या आजाराला त्यांचं नाव आहे, तपासणी आहे, उपचार आहेत. पहिल्या पाळीपासूनच जास्त जाणाऱ्या मुलींमध्ये तो शोधावा लागतो. दात काढल्यावर रक्त थांबलं नव्हतं, नाकातून वारंवार येतं, आईला बाळंतपणात फार गेलं होतं, या गोष्टी डॉक्टरला सांगायच्या असतात. तासा-दोन तासांत पॅड भिजणं, सात दिवसांपेक्षा जास्त चालणं, इंचभर व्यासाच्या गुठळ्या पडणं, रात्री उठून बदलावं लागणं, हे 'जास्त'चं माप आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. सगळं पाळीने होतं असं नाही, ताटातलंही कारण आहे. पण पाळी कोणी मोजतच नाही.

दुखण्याचंही तसंच. वेदनाशामक गोळी 'अगदीच सहन होईना' तेव्हा घ्यायची, असा घरोघर दंडक. ही गोळी प्रोस्टाग्लॅंडिन तयार होणं अडवते. म्हणजे ती कळ सुरू होतानाच, काही खाऊन, पहिले दोन दिवस डॉक्टरने सांगितलेल्या वेळांना घेतली तर चालते. उशिरा घेतली तर मुलगी उलटून टाकते आणि आपण म्हणतो हिला लागू पडत नाही. रक्त कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आहे, त्यात हार्मोन नसतं. हे करून पाहून, तपासण्या होऊन, मग हार्मोनच्या गोळीची पाळी येते. कधी रक्तस्राव फार असेल तर ती आधीही येते. तीन ते सहा महिन्यांत तिनेही फरक पडला नाही, तर एंडोमेट्रिओसिससारखं काही आहे का ते बघावं लागतं. त्या आजाराच्या बायका वर्षानुवर्षं 'सगळ्यांनाच दुखतं' ऐकत काढतात.

आणि घरातला तो दुसरा उपचार, आजीच नाही, शेजारणी, मावश्या, कधी डॉक्टरसुद्धा सांगतात तो: 'लग्न झालं, एक मूल झालं की थांबतं सगळं.' हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहून वाचण्यासारखं आहे. चौदा वर्षांच्या मुलीसाठी गर्भनिरोधक हा शब्दही ज्या घराला सोसत नाही, त्या घराला उपचार म्हणून थेट गर्भ चालतो. दहा वर्षांनी का होईना.

मुलींच्या पाळीबद्दल मोठी माणसं ठरवतात तेव्हा सोय कोणाची बघितली जाते, याची आपल्या राज्यातली दोन उदाहरणं जुनी झाली तरी विसरू नयेत. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या, तेव्हाच्या शब्दांत 'मतिमंद', मुली आणि बायकांची गर्भाशयं काढायला घेतली होती. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण. अकरा शस्त्रक्रिया झाल्या. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर बाकीच्या थांबल्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीत कामाचा खाडा होतो, खाड्याला दंड होतो, तेव्हा पिशवीच काढून टाका. ही टोकाची उदाहरणं आहेत, आणि गणपतीतल्या गोळीची तुलना त्यांच्याशी करणं अन्यायाचं होईल. पण दोन्हीकडे एक माणूस कमी आहे: जिची पाळी ती. आणि गंमत बघा, जी गोळी उद्या थांबवता येते तिच्याबद्दल आपण पाच-पाच महिने घालवतो.

अठरा वर्षांखालच्या मुलीच्या उपचाराला पालकांची संमती लागते, ते बरोबरच आहे. पण संमती पालकांची आणि प्रश्नही पालकांचेच, असं आमच्या दवाखान्यात रोज होतं. मुलीला विचारलं 'किती दुखतं?' तर उत्तर आई देते. म्हणून आता दहा मिनिटं आई-वडिलांना बाहेर बसवायची पद्धत ठेवलीय. वडील नाराज होतात. बसतात पण.

नववीतल्या त्या मुलीलाही असं एकटीला विचारलं. गोळीबद्दल तिला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या. वजन वाढेल का. कारण वर्गातली एक म्हणाली होती. आणि पाकीट ठेवायचं कुठे. कारण कपाट आत्तेभावाबरोबर वाटून घेतलेलं. वजनाचं सांगितलं, की या गोळीने वजन वाढतं असं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही, तरी आपण दर भेटीला काट्यावर बघू. पाकिटाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ते तिने आणि आईने मिळून काढलं: गोळ्या थायरॉइडच्या रिकाम्या डबीत, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी, फ्रिजवर. रक्त न गोठण्याच्या तपासण्या केल्या, सुदैवाने ठीक आल्या. गोळी सुरू झाली. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन साडेदहा झालं, आणि ती जमिनीवरून पलंगावर झोपायला आली, असं आईने सांगितलं.

वडिलांची एकच अट होती. गोळ्या गावातल्या मेडिकलमधून आणायच्या नाहीत, त्याला कळेल. ज्या दुकानातून आजीने मोठ्याने मागून गणपतीच्या गोळ्या आणल्या होत्या, तेच दुकान. तेव्हा दर महिन्याला ते मोटरसायकलवर वीस किलोमीटर जातात, जिल्ह्याच्या गावातून पाकीट आणतात. पावसात एकदा भिजलं म्हणून आता प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेनकोटच्या आतल्या खिशात.

चिठ्ठ्या गोळा झाल्या असतील तर पुढे पाठवा. नाव लिहायची गरज नाही.